प्लास्टिक संकलन मोहीम : गोळा झालेला माल पुढे जातो कुठे?

निंबोणी

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आम्ही राहतो. गल्लीत चार जुन्या सोसायट्या आणि सात-आठ बंगले असून सगळी मिळून सुमारे २१० घरे होतात. ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची सवय बहुतेक घरांना लागलेली आहे. ज्यांना लागलेली नाही, त्यांचे फ्लॅट क्रमांक आमच्या कचरावेचक ताईंना पाठ आहेत. तरीही सुक्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकचा जो ढीग रोज दिसतो, त्याचे काहीतरी करावे, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रहिवाशांकडून स्वच्छ प्लास्टिक गोळा करून ते पुनर्वापरासाठी पाठवावे, असे आमच्यापैकी सहा-सात जणांच्या मनात आहे.

हा विचार आम्ही आधीही एकदा करून बसलो आहोत, आणि खरी अडचण तीच आहे. दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर आम्ही अशीच मोहीम घेतली. उत्साह भरपूर होता आणि दुपारपर्यंत अकरा पोती भरली. ज्या संस्थेने माल नेण्याचे तोंडी कबूल केले होते, ती "येत्या रविवारी येतो" असे पाच रविवार सांगत राहिली. पोती जिन्याखाली होती, पाऊस चालू होता, आणि त्यांत न धुतलेले दह्याचे डबे, तेलाच्या पिशव्या, कुणाच्या तरी घरची फाटकी ताडपत्री असे सगळे एकत्र होते. वास सुटला, मग उंदीर आले. शेवटी सोसायटीच्या खात्यातून टेम्पो करून पोती हलवली, आणि नंतर वॉचमनकडून कळले की आमचा रोजचा कचरा जिथे जातो, तिथेच टेम्पोवाल्याने ती रिकामी केली. त्या दिवसापासून वार्षिक सभेत प्लास्टिकचा विषय काढला की आमचे एक ज्येष्ठ सभासद शांतपणे विचारतात, "आणि उंदरांची व्यवस्था कुठे केली आहे?"

म्हणून या वेळी आधी विचारून घेत आहे. कोणते प्लास्टिक घ्यावे आणि कोणते दारातूनच परत पाठवावे? ते नेमके कोणाला द्यावे? घरात ते कितपत धुवून ठेवण्याचा आग्रह धरावा? विक्रीतून चार पैसे आले तर त्यांचे काय करावे? आणि मोहीम किती दिवसांनी घ्यावी? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आपल्या चुकाही सांगाव्यात, कारण आमच्या उपयोगाच्या बहुधा त्याच असतील.


काटेकोर

निंबोणी, आपल्या पाच प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी मिळवा. माल कोण नेणार, कोणत्या दिवशी नेणार आणि नेऊन त्याचे काय करणार, हे लेखी ठरल्याशिवाय रहिवाशांना एकही पिशवी साठवायला सांगू नका. आपली मागची मोहीम फसली, त्यात रहिवाशांचा दोष फारसा नव्हता. जायची वाट ठरलेली नसताना आपण यायचे दार उघडले, एवढेच झाले.

मी प्लास्टिकच्याच धंद्यात बत्तीस वर्षे काढली, तेव्हा पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. "प्लास्टिक" या एका नावाखाली आपण सात वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. तो वस्तू पुनर्वापराची असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, तर केवळ पदार्थाची ओळख आहे. १ म्हणजे पेट, अर्थात पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या. २ म्हणजे शांपूच्या आणि फिनेलच्या बाटल्यांचे जाड पॉलिथिन. ३ म्हणजे पीव्हीसी. ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचे मऊ पॉलिथिन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याचे जेवणाचे पार्सल येणारे डबे आणि बाटल्यांची बरीचशी झाकणे असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, त्यातच थर्मोकोल आला. ७ म्हणजे उरलेले सगळे. हे पदार्थ वेगवेगळ्या तापमानांना वितळतात आणि एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यामुळे एकत्र वितळवले तर निघणारा माल ठिसूळ आणि कमी प्रतीचा होतो. वर्गवारीचा सगळा खटाटोप याच एका कारणासाठी आहे.

आकडा पुसला गेला असेल तर दोन सोप्या परीक्षा आहेत. तुकडा पाण्यात टाकावा : पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. कारखान्यात पेटच्या बाटल्यांचा चुरा करून धुताना झाकणांचे तुकडे याच गुणामुळे वर येऊन वेगळे होतात, म्हणून बाटलीचे झाकण फेकून न देता पिळून परत लावले तरी चालते. दुसरी परीक्षा मुठीची. पाकीट मुठीत चुरगळून सोडावे. बटाटा वेफर्सचे, आतून चांदीसारखे चकचकणारे पाकीट असेल तर ते पुन्हा उलगडते. त्यात प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ लेप असतो, आणि हे थर एकमेकांपासून सुटे करणे परवडत नाही. त्यामुळे अशी पाकिटे वितळवून पुन्हा वस्तू करण्याच्या मार्गाला जवळजवळ जातच नाहीत.

आता आपल्याला उपयोगी पडेल असा हिशेब. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीचे वजन साधारण अडीच ग्रॅम भरते, म्हणजे किलोला सुमारे चारशे पिशव्या. आपल्या २१० घरांत रोज सरासरी दोन पिशव्या येतात असे धरले, तर महिन्याला १२,६०० पिशव्या, अर्थात साडेएकतीस किलो झाले. त्यातली एक तृतीयांश घरे सहभागी झाली तरी केवळ दुधाच्या पिशव्यांचे दहा किलोच्या आसपास स्वच्छ, एकाच जातीचे प्लास्टिक हाती येते. त्याला बाजारात गिऱ्हाईक आहे. याउलट थर्मोकोलचे पोते डोळ्यांना डोंगराएवढे दिसते आणि काट्यावर काहीच भरत नाही. ते नेणारा टेम्पोवाला हवा वाहून नेत असतो. थर्मोकोल घेऊच नका.

पीव्हीसीही घेऊ नका. जुने पाइप, पावसाळी कापड, टेबलावरचे मेणकापड ही त्याची घरगुती रूपे. आपला माल पुढे प्लास्टिकपासून इंधन करणाऱ्या प्रकल्पाकडे जाणार असेल तर पीव्हीसी विशेष घातक ठरते, कारण ते तापवले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि ती यंत्रसामग्री खाऊन टाकते. आणखी एक छुपा शत्रू म्हणजे "कंपोस्टेबल" असे छापलेल्या पिशव्या. दिसायला त्या मऊ पॉलिथिनसारख्याच असतात, पण तो पदार्थच वेगळा आहे आणि पॉलिथिनमध्ये मिसळला तर पूर्ण घाण्याची प्रत घसरते. त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात.


सुईदोरा

काटेकोर यांनी पदार्थांबद्दल लिहिले आहे, मी माणसांबद्दल लिहिते. कोथरूडच्या बाजूला आमच्या सोसायट्यांत ही मोहीम सहा वर्षे चालू आहे आणि आमची पहिली चूक अशी झाली की ज्या ताई रोज आमचा कचरा उचलतात, त्यांना आम्ही काही विचारलेच नव्हते. पहिल्या मोहिमेत आम्ही मोठ्या हौसेने पेटच्या बाटल्या, जाड डबे, शांपूच्या बाटल्या सगळे गोळा केले. दुसऱ्या दिवशी ताई खाली उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, पण एवढेच म्हणाल्या, "वहिनी, बिस्लेरी आणि फुगा तुम्ही नेला, मला पाकिटं ठेवलीत." भंगाराच्या भाषेत बिस्लेरी म्हणजे कोणत्याही कंपनीची पेटची बाटली आणि फुगा म्हणजे शांपू-तेलाच्या फुगवून बनवलेल्या बाटल्या, हे मला त्या दिवशी कळले. ज्या मालाला भाव आहे तो त्यांच्या रोजच्या कमाईचा भाग आहे आणि तो आम्ही पर्यावरणाच्या नावाने उचलून नेला होता.

पुण्यात हा मुद्दा सोडून चालत नाही, कारण येथे कचरावेचकांची संघटना जुनी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरी जाऊन कचरा घेण्याचे काम सुरू केले. सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा माल वेचकांनी विकावा, ही त्या व्यवस्थेतली त्यांच्या हक्काची बाब आहे. त्यामुळे आमच्या मोहिमेचा नियम आता असा आहे की ताईंना ज्याचे पैसे मिळतात ते सगळे ताईंचे, आणि ज्याचे त्यांना काहीही मिळत नाही किंवा ओझ्याच्या मानाने फार थोडे मिळते, ते मोहिमेचे. वेफर्स-बिस्किटांची पाकिटे, कुरिअरच्या पिशव्या, कपड्यांवरची आणि किराण्याची पातळ आवरणे, पार्सलमधल्या वस्तूंना गुंडाळलेले हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक (बबल रॅप) हा आमचा माल. हा माल आम्ही प्लास्टिकपासून इंधन करणाऱ्या प्रकल्पासाठी पाठवतो. आमच्याकडून तो ज्या गाडीत जातो ती महिन्याच्या ठरल्या रविवारी आसपासच्या अनेक ठिकाणी फिरते, त्यामुळे वाहतुकीचा खर्च एकट्या सोसायटीवर पडत नाही.

दुधाच्या पिशव्यांचे आम्ही ताईंशी बोलून ठरवले. रोज घराघरांतून दोन-दोन ओल्या, आंबूस पिशव्या मिळतात तेव्हा भंगारवाला त्यांना फारसा भाव देत नाही. त्याच पिशव्या धुवून, वाळवून, महिन्याच्या शेवटी दहा किलो एकत्र दिल्या की तोच भंगारवाला काटा घेऊन स्वतः येतो. म्हणून पिशव्या रहिवाशांनी साठवायच्या, मोहिमेच्या दिवशी वजन करून ताईंच्या हवाली करायच्या, विक्री त्यांनी करायची. पैशांचा प्रश्न आपोआप सुटतो. सोसायटीच्या हिशेबात एक रुपयाही येत नाही आणि लेखापरीक्षकाला काही सांगावे लागत नाही.

धुण्याबद्दल अतिरेक नको. कुणी पाकिटे साबण लावून घासायला बसले तर पाणी वाया जाईल आणि तिसऱ्या महिन्यात तो माणूस मोहीम सोडेल. भांडी घासून झाल्यावर शेवटच्या खळबळणीचे जे पाणी उरते, त्यात पिशवी बुडवावी, उलटी करावी आणि खिडकीतल्या दोरीला चिमट्याने लटकवावी. एक सूचना मात्र आवर्जून करते : दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नये. तो सुटा त्रिकोणी तुकडा नखाएवढा असतो, ओट्यावरून मोरीत जातो आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही. अर्धी चीर द्यावी, कोपरा पिशवीलाच लटकत राहू द्यावा. आमच्या एका सोसायटीतल्या आजींनी हे इतके मनावर घेतले आहे की त्या पाहुणी म्हणून गेल्या तरी यजमानांच्या हातून कात्री काढून घेतात.


दर्यावर्दी

मी मूळचा वेंगुर्ल्याचा आणि सध्या नोकरीनिमित्त गोव्यात आहे. या दोन्ही ठिकाणच्या अनुभवातून एकच गोष्ट जोडतो.

वेंगुर्ला नगर परिषदेने कचऱ्याचे घरातच वर्गीकरण करून घेण्याची शिस्त लावली आणि जिथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते, तिथे आज लोक फिरायला जातात. तिथे पातळ प्लास्टिकचा चुरा करून तो डांबरी रस्त्यांत वापरला गेला. ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी विकसित केली आणि त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की तो वितळून खडीला पातळ लेप बसतो आणि त्यावर डांबर अधिक घट्ट धरते. गोव्यात साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे आणि ज्या सुक्या कचऱ्याचा पुनर्वापर होत नाही, त्याचे गठ्ठे बांधून ते कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे पाठवले जातात; तिथल्या भट्टीत ते कोळशाबरोबर इंधन म्हणून जळतात.

मुद्दा असा की रस्ता, सिमेंटची भट्टी आणि इंधन प्रकल्प या तिन्ही वाटा उपयोगाच्या आहेत, पण त्यांना "पुनर्वापर" म्हणताना जपून म्हणावे. दुधाच्या पिशवीपासून पुन्हा दाणे होतात आणि त्या दाण्यांपासून पाइप किंवा बादली होते, तो पुनर्वापर. वेफर्सचे पाकीट भट्टीत जाते तेव्हा ते नदीत किंवा गाईच्या पोटात गेले नाही एवढे समाधान मिळते, पण ते संपलेले असते. आपल्या सूचना फलकावर दोन्हींना एकच शब्द वापरला, तर "पाकिटे कितीही आणली तरी चालतात, कारण त्यांचे पुन्हा काहीतरी होते" असा समज पसरतो. आमच्या इमारतीत नेमके तेच झाले. मोहिमेच्या दुसऱ्या वर्षी पाकिटांचे वजन वाढले आणि लोकांनी त्याबद्दल एकमेकांचे अभिनंदन केले.


तिरपागडा

सर्वांचे लेखन वाचले आणि श्रमांबद्दल आदर आहे, तरी एक विरोधी सूर लावतो. कंपनीने विकायचे, आपण विकत घ्यायचे, पुन्हा आपणच धुवायचे, वाळवायचे, वजन करायचे आणि टेम्पोचे भाडेही आपणच द्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, ज्यांत वेष्टनांचे प्रकार पाडून कंपन्यांनी त्यांचे किती प्रमाणात संकलन आणि पुनर्वापर करायचा, याची उद्दिष्टे दिली आहेत. महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापावी, अशी तरतूद केली होती. रिकामी पिशवी दूधवाल्याला परत देऊन आपल्यापैकी किती जणांनी ५० पैसे घेतले आहेत, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मोहीम घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. घेणारच असाल तर त्यात अर्ध्या तासाचे एक काम वाढवा. एका पोत्यातली पाकिटे सतरंजीवर ओतून कंपनीनिहाय मोजा आणि तो तक्ता तारखेसह जपून ठेवा. चार-सहा महिन्यांचे तक्ते हाती आले की कंपन्यांना आणि महापालिकेला लिहिण्यासाठी काहीतरी ठोस असते. सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे काम मनापासून आवडते. मात्र त्यांच्या हातांत हातमोजे द्या, कारण पाकिटांत कुणीतरी ब्लेड टाकतेच.

आणि हो, माल नेणाऱ्याची नोंदणी पाहून घ्या. प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्यांना केंद्रीय किंवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. "आम्ही पर्यावरणासाठी काम करतो" हे वाक्य पावतीच्या जागी चालत नाही.


काटेकोर

तिरपागडा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त कामाचा क्रम वेगळा लावीन. कंपन्यांना पत्र लिहिण्याआधी आपल्याच गल्लीतला किराणा दुकानदार आणि पोळी-भाजी केंद्र यांच्याशी बोलावे. पातळ पिशव्यांचा उगम तिथे आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीला मनाई आहे आणि महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच पिशव्यांवर बंदी आहे, तरी मंडईतून कोथिंबीर कशात येते ते आपण सगळे जाणतो. मोहिमेच्या पोत्यात या पिशव्या दिसल्या की कुठल्या दुकानाची आहे हे बायकांना पिशवी न उलगडताही सांगता येते.


निंबोणी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सात जण काल जिन्याखाली, म्हणजे अगदी घटनास्थळीच, बसलो आणि पुढीलप्रमाणे ठरवले. ताईंशी बोलणे झाले आहे. पेटच्या बाटल्या, जाड डबे आणि शांपूच्या बाटल्या मोहिमेत घ्यायच्या नाहीत, त्या रोजच्या सुक्या कचऱ्यातून त्यांच्याकडेच जातील. दुधाच्या पिशव्या जमवून वजन करून त्यांनाच द्यायच्या. पाकिटे आणि पातळ आवरणे यांच्यासाठी सुईदोरा यांनी सुचवलेल्या फिरत्या गाडीशी संपर्क झाला. त्यांच्याकडून तारीख आणि वेळ लेखी आली आणि नोंदणीचा कागदही पाहिला. गाडी रविवारी साडेबाराला येणार असल्यामुळे संकलन त्याच दिवशी साडेनऊ ते बारा ठेवत आहोत. आधीच्या दिवशी आणलेले काहीही वॉचमनने घ्यायचे नाही, असे त्यांना सांगितले आहे. मुक्काम नको, म्हणजे उंदीर नकोत.

एक शंका राहिली. पहिल्याच मोहिमेला कुणी चुकीचा माल आणला तर तो परत पाठवणे वाईट दिसते. वयस्कर मंडळी चौथ्या मजल्यावरून उतरून येतात.


सुईदोरा

परत पाठवाच. आम्ही पहिल्या वर्षी "असू दे, आणले आहे तर ठेवा" असे म्हणत राहिलो आणि शेवटी त्या "असू दे" चे स्वतंत्र पोते व्हायला लागले. फक्त परत पाठवण्याचे काम समितीतल्या कुणावर सोपवू नका. टेबलावर वर्गवारीची नमुना पाकिटे चिकटवलेला एक पुठ्ठा ठेवा आणि त्याच्यापाशी दोन शाळकरी मुली बसवा. "आजोबा, हे पीव्हीसी आहे" असे दहा वर्षांच्या मुलीने सांगितले की माणूस वाद घालत नाही. चौथ्या मजल्यावरच्यांची पिशवी त्याच मुली वर नेऊन देतात.

आणि वहीत घराचा क्रमांक व वजन लिहा, नाव लिहू नका. नावे लिहिली की स्पर्धा लागते. आमच्याकडे एका गृहस्थांनी वजनात पहिले येण्यासाठी ऑफिसातून पाकिटे आणली होती.


निंबोणी

पहिली मोहीम काल झाली, म्हणून हिशेब देत आहे. महिनाभर आधी सूचना लावली होती. २१० पैकी ६४ घरे आली. दुधाच्या पिशव्या ९ किलो ४०० ग्रॅम भरल्या. काटेकोर यांच्या सूत्राने ६४ घरांच्या तीस दिवसांच्या पिशव्या ९ किलो ६०० ग्रॅम व्हायला हव्या होत्या, त्यामुळे दोनशे ग्रॅम कुठे गेले यावर आमच्याकडे बराच वेळ चर्चा चालली. बहुतेकांचे मत कापलेल्या कोपऱ्यांच्या बाजूने पडले. पाकिटे आणि आवरणे मिळून तीन पोती, साडेतेरा किलो. गाडी साडेबाराऐवजी एक वाजून दहा मिनिटांनी आली, आणि ती चाळीस मिनिटे मला फार लांब वाटली. दीड वाजता जिन्याखालची जागा झाडून पुसून रिकामी होती. आमचे ज्येष्ठ सभासद संध्याकाळी पाहायला आले, बॅटरी मारून कोपरे तपासले आणि काही न बोलता गेले.

दुधाच्या पिशव्या ताईंनी आजच विकल्या. भाव त्यांनी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही.

जमले नाही ते तेलाच्या पिशव्यांचे. सात घरांनी आणल्या, सगळ्या आतून चिकट होत्या, त्यांचे तेल शेजारच्या कोरड्या पाकिटांना लागायला लागले म्हणून परत कराव्या लागल्या. खळबळणीच्या पाण्याने ते तेल निघत नाही. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारच्या आत यावर काही उपाय असेल तर सांगावा.


सुईदोरा

पिशवीतले तेल बरणीत ओतून झाले की ती एका बाजूने पूर्ण उघडी कापावी आणि आत दोन चमचे कोरडी कणीक टाकून हाताने चोळावी. कणीक सगळे तेल ओढून घेते. ती कणीक त्याच दिवशीच्या पोळ्यांच्या पिठात मिसळावी, म्हणजे तेवढे मोहन वाचते. त्यानंतर पिशवी कोमट साबणाच्या पाण्यात एकदा बुडवली की पुरते. आमच्याकडे तेलाच्या पिशव्यांसाठी वेगळे पोते असते आणि ते टेबलाच्या टोकाला, पाकिटांपासून लांब ठेवतो.